रस नको, पाचट

7 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवडाभरात ती थोडी सैल झाली, पुढच्या वर्षी उठलीही. पण पावसाने ओढ दिली की साखर आधी आणि इंधन नंतर, हे त्या आदेशाने सांगून ठेवले. तरीही अहिल्यानगर जिल्ह्यात इथेनॉलचा विषय निघाला की बोलणे उसाचे क्षेत्र आणि डिस्टिलरीची क्षमता यांच्यापुढे जात नाही. इथेनॉल म्हणजे ऊसच, हे समीकरण मला मान्य नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातला हिशेब असा, की उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे 2,860 लिटर पाणी लागते. उत्तरेत प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा आणि दक्षिणेत पाथर्डी-जामखेड टँकरच्या वाटेकडे डोळे लावून, अशी स्थिती असलेल्या जिल्ह्याने तरी हा आकडा नजरेआड करू नये.

साखर रसात असते तशी वाळलेल्या पाचटातही असते, फक्त ती जिभेला कळत नाही. सेल्युलोज ही ग्लुकोजचीच लांब साखळी. तिच्याभोवती हेमिसेल्युलोज आणि लिग्निनचे आवरण. पाचट आधी सौम्य आम्ल आणि वाफेने मोकळे करायचे, मग एन्झाइमांकडून साखळी तोडून घ्यायची आणि सुटलेली साखर यीस्टने आंबवायची. ही शेवटची पायरी आपल्या डिस्टिलऱ्यांना पाठ आहे. मधल्या पायरीची एन्झाइमे प्रामुख्याने ट्रायकोडर्मा कुळातल्या एका बुरशीकडून मिळतात. मर रोगासाठी शेतकरी कृषी सेवा केंद्रातून जी आणतो, तिचीच ही भाऊबंद. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती कापड तिने खाल्ले, तेव्हा ती शास्त्रज्ञांच्या डोळ्यांत भरली. हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज ही साखर मात्र नेहमीचे यीस्ट आंबवत नाही. तिच्यासाठी सुधारित यीस्ट लागते आणि खर्च वाढतो.

खर्चावर बोट ठेवणारे चुकीचे बोलत नाहीत. ड्यूपाँटसारख्या कंपनीचा अमेरिकेत आयोवातला असाच कारखाना 2015 मध्ये सुरू झाला आणि 2017 मध्ये थांबला. पण एवढ्यावरून तंत्रच फसवे ठरवणे घाईचे होईल. श्रीगोंद्याहून भीमा ओलांडली की लागणाऱ्या दौंड तालुक्यात पुण्याच्या प्राज कंपनीने 2017 मध्ये प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला, आणि तिच्याच तंत्रावर इंडियन ऑइलचा पानिपतचा कारखाना 2022 मध्ये देशाला अर्पण झाला: वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा, तीन कोटी लिटर इथेनॉल, खर्च नऊशे कोटींच्या वर. एका सहकारी कारखान्याला हे पेलणार नाही. चार कारखान्यांनी मिळून एक प्रकल्प काढावा, अर्थसाहाय्यासाठी केंद्राच्या 2019 च्या जी-वन योजनेचे दार ठोठवावे. एकमेकांच्या हद्दीतला ऊस पळवणारे पाचटासाठी एकत्र बसतील का, हा प्रश्न अर्थात रसायनशास्त्राचा नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो शेतातून येतो. पाचट हे जमिनीचे अन्न. ते उचलले तर सेंद्रिय कर्ब कुठून यायचा? राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ पाचट जाळू नका, सरीत कुजवा असे सांगत आले आहे, ते योग्यच आहे. खोडवा राखायचा असेल त्या शेतातली काडीही उचलू नये. पण खोडवा मोडून रान नांगरायचे ठरले की अनेक ठिकाणी फडाला सरळ काडी लावली जाते. तिथे कर्ब धुरावाटे जातो, जमिनीला राखेपलीकडे काही उरत नाही. मी मागतो आहे ते एवढेच, जे एरवी पेटणार आहे. बगॅस मी मागतच नाही. ती कारखान्याच्या बॉयलरला लागते. उलट पाचटातून उरलेले लिग्निनही बॉयलरलाच घालता येईल.

यातून मिळेल किती? हेक्टरी आठ टन पाचट धरले, तर पानिपतच्या प्रमाणाने 1,200 लिटर. तेवढ्याच रानातला 80 टन ऊस थेट रसातून 5,600 लिटर देईल. म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. प्रक्रियेला पाणी लागेल, पण शेताला त्यासाठी एकही जादा पाळी द्यावी लागणार नाही. म्हणून सभासदांना विनंती: पुढच्या वार्षिक सभेत डिस्टिलरीच्या विस्ताराचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी वाढीव इथेनॉल कशाचे आणि त्याला पाणी कुणाचे, एवढे विचारा.