बाप चांगला मिळाला म्हणून?

परवा जांभूळच्या बैठकीत अदिती स्वामीचा विषय निघाला. साताऱ्याजवळच्या शेरेवाडीची ही मुलगी. ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा तिचं वय होतं १७. अंतिम सामन्यात १५० पैकी १४९ गुण. वैयक्तिक जगज्जेतेपद त्याआधी भारतात कुणालाच, पुरुषांनाही, मिळालेलं नव्हतं. सगळं ऐकून एक बाई म्हणाली, "नशीबवान पोर. बाप चांगला मिळाला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते वाक्य टोचलं, अजून टोचतंय.

बाप चांगलाच आहे. गोपीचंद स्वामी गणिताचे शिक्षक. मुलीनं एखादा खेळ खेळावा म्हणून तिला साताऱ्याच्या मैदानावर घेऊन गेले आणि तिथं बारा वर्षांच्या पोरीला धनुष्यबाण आवडले. मग प्रवीण सावंत यांच्याकडे, उसाच्या शेतात उभारलेल्या केंद्रात सराव. त्यासाठी घर गावातून साताऱ्याला हललं. कंपाउंड धनुष्य म्हणजे चाकं आणि दोऱ्या असलेलं यंत्रच. त्याची किंमत लाखांत, बाणही महाग. कर्ज काढावं लागलं. या कर्जाचं कौतुक पुष्कळ छापून आलं. आई ग्रामसेविका, तिचाही पगार त्याच घरात खर्ची पडत होता. पण गोष्ट सांगताना आई एका ओळीत आटोपते.

बायांनो, नीट बघा. दोन पक्के पगार, आणि तरी कर्ज! मग आपल्या भागातल्या वीटभट्टीवरच्या पोरीनं काय करायचं? तिचा बाप वाईट आहे म्हणून ती खेळत नाही का? मुलीचा खेळ बापाच्या चांगुलपणावर टांगला की शाळा, पंचायत, सरकार सगळे हात झटकून मोकळे. ज्या कर्जाची सरकारला लाज वाटायला हवी, त्याच्या आपण आरत्या ओवाळतो.

आणि ते "बाईच्या अंगात जोर कमी" हे कारण तर इथं मुळीच चालत नाही. नेमाच्या खेळात लागते ती स्थिर मान, स्थिर श्वास आणि रोजचा सराव. इंग्लंडात डार्ट्‌स नावाचा खेळ आहे, भिंतीवरच्या चकतीवर बोटभर बाण फेकण्याचा. तिथल्या मोठ्या स्पर्धांत पुरुष खेळाडूंना मंचावर सोडायला नटवलेल्या मुली ठेवत. २०१८ च्या सुरुवातीला ती प्रथा बंद झाली. डिसेंबर २०१९ मध्ये फॅलन शेरॉक ही केस कापण्याचं काम केलेली, एका मुलाची आई, त्याच मंचावर जागतिक स्पर्धेत उतरली आणि तिनं लागोपाठ दोन पुरुषांना हरवलं. त्या स्पर्धेत त्याआधी एकाही बाईनं सामना जिंकला नव्हता. हसू नका, आपली द्रौपदीही मत्स्यभेदाचं बक्षीसच होती. धनुष्य तिच्या हाती द्यावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आता अदितीपुढे २०२८ चं लॉस एंजेलिस आहे. कंपाउंड तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच येतेय, तीही फक्त मिश्र जोडीची. एकट्या बाईला तिथं जागा नाही. एकट्या पुरुषालाही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आपल्याकडे मुलीचा सराव अडतो तो संध्याकाळी. मोकळ्या जागेवर मुलांचं क्रिकेट रंगतं, त्याच वेळी पोरी भाकऱ्या थापत असतात किंवा धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभ्या असतात. त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाले. लोक रेल्वे रुळांवर उतरले, बरोबरच केलं. पण त्यानंतर घरोघरी काय ऐकू आलं? "पोरींना सांभाळा." सांभाळा म्हणजे घरात ठेवा. अत्याचार शाळेच्या आत झाला आणि मैदान बंद झालं ते मुलींना! ज्यानं गुन्हा केला त्याच्या जातीच्या, म्हणजे पुरुषजातीच्या, फिरण्यावर कुणी वेळ घातली नाही.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. बऱ्याच ठिकाणी ते पैसे शिवणवर्गात जातात. शिवण वाईट असं मी म्हणत नाही, मीही ब्लाऊज शिवूनच घर चालवलंय. पण दर वर्षी शिवणच का? तेवढ्यात मुलींसाठी दोन तास राखलेलं मैदान, दिवा, शाळेच्या मालकीची साधी धनुष्यं आणि मानधनावर एक शिकवणारी बाई का बसू नये? साधं धनुष्य लाखांचं नसतं. लाखांचं लागेल त्या दिवशी ते सरकारनं द्यावं, बापाच्या सहीवर नाही.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते. बहुतेक वेळा आपण तिथं सही करून परत येतो. या खेपेला मी ठराव लिहून नेणार आहे. बैठकीतल्या त्या बाईलाही बरोबर नेणार आहे; तिची सातवीतली पोर आंब्याच्या झाडावर दगड मारते, एकही फुकट जात नाही.