नकाशावर नसलेली भेग

कुठेही मोठा भूकंप झाला की दुसऱ्याच दिवशी होस्टेलच्या ग्रुपवर मेसेज येतो : "आज रात्री दोन वाजता पुन्हा हादरा, सावध राहा." मागच्या वेळी आमच्या विंगमधले चौघे चटया घेऊन टेरेसवर झोपायला गेले. भूकंपाच्या भीतीने टेरेसवर! आणि हे भावी सिव्हिल इंजिनिअर.

भूकंपाची वेळ आधी सांगणं अजून कुणालाच जमलेलं नाही. पण जमीन कुठे आणि किती सरकली, हे नंतर मोजता येतं. त्याकडे आपण ढुंकूनही बघत नाही, ही माझी तक्रार आहे.

उपग्रह रडारची लहर जमिनीवर सोडतो आणि परत आलेल्या लहरीची फेज नोंदवतो. भूकंपाआधीची आणि नंतरची नोंद एकमेकींशी ताडून पाहिली की नकाशावर रंगीत पट्टे उमटतात. सेंटिनेल-१ या उपग्रहाच्या बाबतीत एक पट्टा म्हणजे जमीन उपग्रहाच्या दिशेने २.८ सेंटिमीटर जवळ किंवा लांब गेली. (फक्त त्याच दिशेने, हे विसरायचं नाही, व्हायव्हात तिथेच विकेट जाते.) २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात काठमांडूचा परिसर साधारण मीटरभर वर उचलला गेला, तो असाच दिसला.

'झाल्यावर मोजून काय उपयोग?' असं एका सरांनी मला विचारलं. सर, उत्तर इराणमधल्या बाम शहरात आहे. २६ डिसेंबर २००३ च्या पहाटे तिथे ६.६ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला, सव्वीस हजारांवर माणसं गेली. शहराच्या पूर्वेला एक भ्रंश जमिनीवर उघड दिसतो, सगळ्यांना तोच माहीत होता. एन्व्हिसॅटची आधीची आणि नंतरची चित्रं ताडली तेव्हा कळलं की मुख्य सरक त्याच्यावर झालीच नव्हती. ती झाली होती दक्षिणेकडून थेट शहराखाली शिरणाऱ्या, कुठल्याच नकाशावर नसलेल्या भ्रंशावर. वर जमिनीवर मात्र जेमतेम बारीक भेगा. नुसतं चालत पाहणी करणाऱ्याच्या नजरेतून त्या सहज निसटल्या असत्या. आता पुन्हा घरं बांधायची तर कुठली भेग डोळ्यांसमोर ठेवायची?

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरलं, तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. नकाशा चुकतो, तो दुरुस्त करायला मोजमाप लागतं.

सेंटिनेलचा डेटा फुकट मिळतो, प्रोसेसिंगचं सॉफ्टवेअरही फुकट. जुलै २०२५ मध्ये इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह श्रीहरिकोटाहून गेला, त्याचाही डेटा खुला ठेवायचं ठरलेलं आहे. आणि आपण? सीनियरचा रिपोर्ट, नवं कव्हर, गोल्डन एम्बॉसिंग, झाला फायनल इयरचा प्रोजेक्ट.

यंदा आम्ही तिघांनी बामचीच जुनी चित्रं प्रोजेक्टला घ्यायचं ठरवलंय. फक्त लॅबमधले पीसी एवढी मोठी फाइल उघडताना मान टाकतात. तेव्हा डिपार्टमेंटला नम्र विनंती : रॅम वाढवून द्या, चटया आमच्याकडे आहेत.