गांजाचा वाद आणि मॉर्फिनची गोळी

ऑगस्ट २०२३मध्ये, ऐन पावसाळ्यात, रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर समुद्राने चरसची पाकिटे आणून टाकली. कर्दे, लाडघर, केळशी, कोळथरे अशी दापोलीकडची नावे आधी आली. मग दाभोळ खाडीच्या अलीकडचे, गुहागर तालुक्यातले बोऱ्याही त्या यादीत आले. सीमाशुल्क विभागाने काही दिवसांत दोनशे किलोंहून अधिक माल गोळा केला.

असा माल सापडला की बोलणे लगेच दोन टोकांना जाते. एक म्हणतो, विकणाऱ्यांना फासावर चढवा. दुसरा मोबाइल पुढे करतो: अमेरिकेत हे औषध म्हणून देतात, कॅनडात दुकानात मिळते, शंकराला तर भांग चालते, मग आपल्याकडेच बंदी का? बोलणे एकाच झाडाबद्दल चाललेले असते, पण त्यात तीन प्रश्नांची खिचडी झालेली असते. गांजा औषध आहे का? तो मौजेसाठी विकू द्यावा का? आणि ओढणाऱ्या पोराला तुरुंगात टाकावे का? पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले की सगळा घोळ होतो.

झाड एकच. फुलोऱ्याचा गांजा, राळेचा चरस, पानांची भांग. १९८५च्या ज्या कायद्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्यात गांजा आणि चरस येतात. नुसती पाने येत नाहीत, त्यांचे नियमन राज्ये करतात. पण भांग चालते म्हणून गांजा निरुपद्रवी, हा युक्तिवाद टिकत नाही. देवाला काय चालते यावरून मेंदूला काय सोसते ते ठरत नाही.

औषधाचा इतिहास मात्र खरा आहे, आणि तो आपल्याच देशातला आहे. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९मध्ये कोलकात्यात गांजावरचे आपले प्रयोग मांडले. धनुर्वाताचे झटके आणि लहान मुलांची आकडी यांत त्याने गांजाचा अर्क वापरला, आणि तिथून हे औषध विलायतेत गेले. पुढे ते मागे पडले त्याला नैतिकता फारशी कारणीभूत नव्हती. अडचण मात्रेची होती. एका बाटलीतल्या थेंबांनी काहीच होत नसे, दुसरीतल्या तेवढ्याच थेंबांनी रोगी गुंगून पडे. अशा औषधावर डॉक्टर किती दिवस विसंबणार?

आज त्यातले घटक वेगळे काढता येतात. टीएचसी नशा आणते, सीबीडी आणत नाही. लहान मुलांमधल्या दोन दुर्मीळ आणि हट्टी प्रकारच्या अपस्मारांसाठी शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत २०१८मध्ये मान्यता मिळाली. केमोथेरपीनंतरची मळमळ, मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा आणि काही जुनाट दुखणी यांत गांजातील घटकांचा उपयोग होतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. वेदनेवरचा गुण मध्यम आहे, जादूचा नाही. कॅन्सर बरा होतो याला माणसांवरील चाचण्यांचा आधार नाही. तरीही ‘गांजाचे तेल घ्या, केमो सोडा’ असे संदेश कोकणातल्या घराघरांत फिरतात, आणि घर गहाण टाकून ‘टाटा’ला खेपा घालणाऱ्या माणसाला ते पटतात, कारण तो थकलेला असतो. शिवाय सीबीडीमुळे रक्त पातळ करणारे वॉरफरिन शरीरात साठून रक्तस्राव होऊ शकतो. हृदयाची झडप बदललेल्या आजींना नातवाने ऑनलाइन मागवून दिलेले तेल म्हणूनच साधे टॉनिक नव्हे.

तेव्हा औषध म्हणून मान्यता द्यावी का? द्यावी, पण औषधासारखी. तपासलेला घटक, मोजलेली मात्रा, डॉक्टरची चिठ्ठी. कायद्याने वैद्यकीय आणि शास्त्रीय वापराची दारे बंद केलेली नाहीतच. डिसेंबर २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले. ते २७ विरुद्ध २५ मतांनी झाले, आणि बाजूने पडलेल्या मतांत एक भारताचे होते.

पण कागदावर दार उघडे असणे आणि गोळी रोग्याच्या हातात पडणे यांत केवढे अंतर असते, हे मॉर्फिनने दाखवले आहे. अफूची कायदेशीर शेती करणारा आणि ती जगाला पुरवणारा हा देश. तरी १९८५चा कायदा आल्यावर पुढच्या बारा वर्षांत देशातला वैद्यकीय मॉर्फिनचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. परवाने अनेक, ते वेगवेगळ्या खात्यांचे, आणि नोंदीत चूक झाली तर दहा वर्षांच्या शिक्षेची टांगती तलवार. औषध ठेवण्यापेक्षा न ठेवणे सोपे झाले. २०१४च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह सहा औषधांसाठी मान्यताप्राप्त रुग्णालयाला एकच परवाना पुरेसा केला. पण तोवर डॉक्टरांची एक पिढी हे औषध न हाताळताच शिकून बाहेर पडली होती. हाडात पसरलेला कॅन्सर घेऊन मुंबईहून गावी परतलेल्या माणसाला रात्री झोप लागते ती याच स्वस्त गोळीने. सुपारीच्या बागेतल्या घरात तो कण्हत पडला असेल, आणि तालुक्याच्या गावी मॉर्फिन देऊ शकणारे कोणी नसेल, तर गांजातल्या वेदनाशामक गुणांवर परिसंवाद झडून त्याला काय मिळणार? ज्यांना औषधी गांजाची खरी कळकळ आहे त्यांनी आधी तालुका रुग्णालयातल्या मॉर्फिनसाठी ओरडावे. ज्या व्यवस्थेला मॉर्फिन सांभाळता येते, तिला उद्या हेही सांभाळता येईल.

मौजेसाठीच्या गांजाचे गणित निराळे आहे. १८९३-९४च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर सुमारे बाराशे साक्षी घेतल्या, वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी तपासल्या (रत्नागिरीचे मनोरुग्णालयही त्याच काळातले), आणि माफक सेवनाने फारसे नुकसान होत नाही, बंदी नको, असे सांगितले. समर्थक हा अहवाल आवडीने पुढे करतात. अहवाल प्रामाणिक होता, पण तो त्या काळातल्या गांजाबद्दल होता. अमेरिकेत जप्त मालातले टीएचसीचे प्रमाण १९९५मध्ये सुमारे ४ टक्के होते, २०१४मध्ये ते १२ टक्क्यांवर गेले. रोज जहाल गांजा ओढणाऱ्यांमध्ये मनोविकृतीचा धोका कैक पटींनी जास्त आढळतो, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्यांत व्यसन जडण्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असते. थायलंडने २०२२मध्ये दार सताड उघडले आणि २०२५मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात गांजायुक्त गोळ्या-चॉकलेटे दुकानांत आल्यावर ती खाऊन तातडीच्या विभागात येणारी लहान मुले कितीतरी वाढली.

‘दारू चालते, मग गांजा का नाही?’ हा प्रश्न चोख आहे. एम्सच्या २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूमुळे मदतीची गरज असलेले ५.७ कोटी निघाले, गांजा-भांगेमुळे ७२ लाख. दारू जास्त घातक आहे, निर्विवाद. पण दारूच्या महसुलाची सरकारला लागलेली सवय पाहता तिच्या शेजारी आणखी एक दुकान मांडावे, असे यातून निघत नाही. आणि नुसत्या बंदीचे काय होते तेही महाराष्ट्राला ठाऊक आहे: गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, पुड्या कुठल्याही नाक्यावर पडलेल्या दिसतात.

उरला ओढणारा पोरगा. गांजा ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत, एक किलोपर्यंत जवळ सापडल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कैद होवो न होवो, गुन्हा नोंदवला गेला की जहाजावरची किंवा आखातातली नोकरी अडते, आणि कोकणातल्या किती घरांची चूल त्याच नोकरीवर पेटते! म्हणून घरचे लपवतात. मुलगा रात्रभर जागा राहतो, कोणीतरी पाठलाग करते म्हणतो, तरी ‘बाहेरचे काही झाले असेल’ म्हणून आधी देवऋषी होतो. दवाखाना शेवटी. वास्तविक याच कायद्याच्या ६४ अ कलमात सोय आहे: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर त्या खटल्यातून त्याला सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढूनही घेता येते. हे पोलीस ठाण्यातल्या फलकावर लिहायला काहीच खर्च येत नाही. आणि दवाखान्यात यायचे धाडस होत नसेल, तर व्यसनासाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक नि:शुल्क आहेत.