विश्लेषण : गाडीची ‘क्रँक पुली’ घरीच बदलावी का? पिकअप किती वाढतो, धोका किती?

पाम बीच मार्गासारखे रुंद, सरळ रस्ते असलेल्या नवी मुंबईत गाडीचा ‘पिकअप’ वाढवण्याची हौस नवी नाही. सायलेन्सर, एअर फिल्टर आणि इंजिनाच्या संगणकातील फेरबदल यांच्या जोडीला हौशी वाहनमालकांच्या यादीत आणखी एक भाग असतो, तो म्हणजे ॲल्युमिनियमची हलकी ‘क्रँक पुली’. ती ऑनलाइन मागवता येते, बहुतेक गाड्यांत एकाच मोठ्या बोल्टवर बसते आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुटीच्या दुपारी बदलता येईल, इतके हे काम सोपे वाटते. मात्र अनेक गाड्यांत ही पुली म्हणजे केवळ बेल्ट फिरवणारे चाक नसते. इंजिनाचे रक्षण करणारा तो एक भाग असतो. या बदलातून नेमके काय मिळते, काय गमावले जाते आणि कायदा त्याकडे कसा पाहतो, याविषयी...

क्रँक पुली म्हणजे काय?

इंजिनातील पिस्टन वर-खाली होतात. या हालचालीचे रूपांतर गोल फिरण्यात करणारा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. त्याच्या एका टोकाला फ्लायव्हील आणि क्लच असतो, तर दुसऱ्या टोकाला क्रँक पुली. या पुलीवरून जाणारा रबरी बेल्ट अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो. काही गाड्यांत पाण्याचा पंप आणि पॉवर स्टिअरिंगचा पंपही त्याच बेल्टवर चालतो. इंजिन सुरू असेपर्यंत ही पुली क्रँकशाफ्टच्याच गतीने फिरत राहते.

हलक्या पुलीबाबत दावा काय असतो?

मूळ पुली सहसा लोखंडाची किंवा पोलादाची असते. तिच्या जागी ॲल्युमिनियमची पुली बसवली, की क्रँकशाफ्टला कमी वजन फिरवावे लागते, इंजिन लवकर ‘रेव्ह’ होते आणि गाडी चपळ होते, असा हा दावा आहे. तो तत्त्वतः चुकीचा नाही. फिरणारी वस्तू जड असेल, तर तिची गती वाढवायला अधिक जोर लागतो. प्रश्न एवढाच, की हा फरक किती?

प्रत्यक्षात फायदा किती?

त्यासाठी एक ढोबळ उदाहरण घेऊ. गाडी १,००० किलोची आहे. मूळ पुली २ किलोची, नवी ७०० ग्रॅमची आणि दोन्हींची त्रिज्या ७ सेंटिमीटर. चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे सुमारे १४ फेरे होतात आणि पाचव्या गिअरमध्ये सुमारे ३. या आकड्यांवरून हिशेब केला, तर पहिल्या गिअरमध्ये हलक्या पुलीचा परिणाम गाडीतून सुमारे ८ किलो वजन उतरवण्याइतका होतो, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. पाचव्या गिअरमध्ये तो ४०० ग्रॅमपर्यंतही पोहोचत नाही.

८ किलो म्हणजे साधारण ११ लिटर पेट्रोल. टाकी तेवढी कमी भरली, तरी गाडी तितकीच हलकी होते आणि तो फायदा प्रत्येक गिअरमध्ये मिळतो. शिवाय पुलीच्या वजनाचा संबंध फक्त गती वाढवण्याशी आहे. २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवर गाडी एकाच वेगाने चालत असेल, तर पुली हलकी असो वा जड, त्या वजनाने काहीच फरक पडत नाही. न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा काटा थोडा झपकन वर जातो. ‘गाडी उडते’ ही भावना बहुतांशी तिथून येते.

मूळ पुली जड का असते?

फोर-स्ट्रोक चार सिलिंडर इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा इंधनाचा स्फोट होतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला १०० धक्के क्रँकशाफ्टला बसतात. पोलादी असला, तरी हा दांडा प्रत्येक धक्क्याला किंचित पिळला जातो आणि पुन्हा सरळ होतो. धक्क्यांची लय दांड्याच्या स्वतःच्या कंपनाच्या लयीशी जुळली, की हा पीळ वाढत जातो. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका दिला की तो उंच जातो, तसाच हा प्रकार. काचेच्या पेल्यावर टिचकी मारली की तो काही क्षण घुमत राहतो. त्याला बोटाने धरले की आवाज थांबतो. क्रँकशाफ्टसाठी हे बोटाचे काम अनेक इंजिनांत क्रँक पुली करते.

अशा पुलीत आत एक धातूचा गाभा, बाहेर जड कडे आणि दोहोंच्या मध्ये रबराचा थर असतो. बाहेरच्या कड्याचे वजन आणि रबराचा मऊपणा त्या विशिष्ट इंजिनासाठी जुळवलेला असतो. दांड्याला पीळ पडला की रबर ती ऊर्जा शोषून तिचे उष्णतेत रूपांतर करते. म्हणून या भागाला ‘डॅम्पर पुली’ म्हणतात. तिच्या जागी ॲल्युमिनियमची सलग पुली आली, की वजनाबरोबर हे संरक्षणही जाते. गाडी त्याच दिवशी बंद पडत नाही आणि फसगत इथेच होते. वाढलेल्या कंपनांचा ताण क्रँकशाफ्ट, बेअरिंग आणि अनेक इंजिनांत क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरूनच चालणारा ऑइल पंप यांच्यावर दीर्घकाळ साचत राहतो. लांब क्रँकशाफ्टची सहा सिलिंडरची इंजिने आणि जोरकस धक्के देणारी डिझेल इंजिने यांत हा धोका अधिक असतो. काही लहान पेट्रोल इंजिनांत मात्र उत्पादकानेच रबराविना सलग पुली दिलेली असते. तिथे हा आक्षेप बराच सौम्य होतो. त्यामुळे आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे, हा पहिला प्रश्न असायला हवा.

पुली आकारानेही लहान असेल तर?

काही पुल्या हलक्याच नव्हे, तर मूळ पुलीपेक्षा लहान व्यासाच्याही असतात. त्यामुळे अल्टरनेटर आणि कॉम्प्रेसर सावकाश फिरतात आणि इंजिनाची थोडी ताकद वाचते. पण ती वाचते, कारण ही उपकरणे कमी काम करतात. उदाहरणार्थ, इंजिन ७५० फेऱ्यांवर संथ चालू असताना अल्टरनेटर त्याच्या अडीच पट, म्हणजे १,८७५ फेरे घेत असेल, तर पुलीचा व्यास २० टक्के कमी केल्यावर ते १,५०० होतात. शर्यतीत इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर असल्याने हे जाणवत नाही. मात्र मे महिन्यात सायन-पनवेल महामार्गावरील कोंडीत गाडी उभी असताना एसीचा गारवा कमी होणे, पावसाळ्यात दिवे, वायपर आणि काचेवरील ब्लोअर एकाच वेळी चालू असताना बॅटरी पुरेशी चार्ज न होणे, असे परिणाम दिसू शकतात. पाण्याचा पंप याच बेल्टवर असेल, तर इंजिन तापण्याचीही शक्यता असते. शिवाय मूळ लांबीचा बेल्ट सैल पडतो आणि पाणी उडाल्यावर घसरून किंचाळू लागतो.

घरी बसवताना नेमके कुठे चुकते?

अडचण सुरू होते ती मधल्या बोल्टपासून. तो गाडीनुसार १०० ते २०० न्यूटन-मीटर किंवा त्याहूनही अधिक जोराने आवळलेला असतो. साध्या पान्याने तो हलत नाही आणि पुली धरून ठेवण्याचे खास साधन नसेल, तर क्रँकशाफ्टच फिरू लागतो. मग पान्याला पाइप लावणे, पाना अडकवून स्टार्टर मारणे असे उपाय केले जातात. यात पाना निसटून हात मोडण्याचा आणि बोल्टचे आटे जाण्याचा धोका असतो. पुली स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून काढल्यास मागचे ऑइल सील फाटते आणि तेलगळती सुरू होते.

बसवताना चूक झाली, तर ती अधिक महाग पडते. काही गाड्यांत हा बोल्ट एकदाच वापरायचा असतो, तर काहींत ठरावीक जोरानंतर तो आणखी ठरावीक अंश फिरवावा लागतो. टॉर्क रेंचशिवाय, केवळ हाताच्या अंदाजाने हे जमत नाही. बोल्ट सैल राहिला तर पुली डुगडुगते, खाचेतील चावी झिजते आणि क्रँकशाफ्टचे टोकच खराब होते. काही इंजिनांत तर टायमिंगचे दातेरी चाकही याच बोल्टच्या दाबावर जागेवर राहते. तिथे बोल्ट सैल करताच टायमिंग हलू शकते आणि इंजिन तसेच सुरू केल्यास व्हॉल्व्हवर पिस्टन आदळतो. काही गाड्यांत इंजिनाची गती मोजणाऱ्या सेन्सरचे दातेही पुलीवर असतात. ते नव्या पुलीवर नसतील, तर गाडी सुरूच होत नाही.

सर्वांत गंभीर धोका जिवाचा. पुलीपर्यंत पोहोचण्यासाठी पुढचे चाक काढावे लागते. फक्त गाडीबरोबर मिळालेल्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. सपाट, टणक जमीन, भक्कम स्टँड, मागच्या चाकांना ओट आणि बॅटरीची ऋण तार काढलेली, ही किमान काळजी आहे. सोसायटीच्या उतरत्या रॅम्पवर हे काम करणे म्हणजे अपघाताला निमंत्रण.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. उत्पादकाच्या मूळ रचनेला छेद देणारे बदल नोंदवता येणार नाहीत, असे त्या निकालातून स्पष्ट झाले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पुलीचे वजन नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेले नसते. कायद्यात तिचा नावाने उल्लेखही नाही. पीयूसी चाचणीत धुरातील वायू मोजले जातात, पुली नाही. त्यामुळे मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर होते तशी कारवाई इथे सहसा होत नाही. पण ‘पकडले जात नाही’ आणि ‘परवानगी आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहनाचा नमुना पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या संस्थेत तपासून मान्य होतो, तो मूळ भागांसह. हलक्या पुलीसाठी तशी मान्यता दाखवता आली नाही, तर वाशी किंवा पनवेलच्या परिवहन कार्यालयासमोर वाहनमालकाची बाजू कमकुवतच राहते.

वॉरंटी आणि विम्याचे काय?

उत्पादकाच्या वॉरंटीच्या अटींत बाहेरील भागांमुळे झालेले नुकसान सहसा वगळलेले असते. ऑइल पंप किंवा बेअरिंग निकामी झाले आणि पुढे ॲल्युमिनियमची चकाकती पुली दिसली, तर वाद कोणत्या बाजूने झुकेल हे सांगायला नको. विम्यातही गाडीतील बदल कळवणे मालकाची जबाबदारी असते. न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून कंपनी दाव्याबाबत प्रश्न उपस्थित करू शकते. याशिवाय, बीएस-६ गाड्यांचा संगणक क्रँकशाफ्टच्या गतीतील सूक्ष्म चढ-उतारांवरून ‘मिसफायर’ ओळखतो. कंपने बदलल्यास त्याची गल्लत होऊन ‘चेक इंजिन’चा दिवा लागण्याची शक्यता असते.

मग शर्यतीत ही पुली का वापरतात?

कारण तिथला हिशेब वेगळा आहे. लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागालाही किंमत असते. शर्यतीचे इंजिन वारंवार उघडून तपासले जाते आणि वॉरंटीचा प्रश्न नसतो. गंभीर स्पर्धकही अनेकदा सलग पुलीऐवजी शर्यतीसाठी बनवलेला महागडा डॅम्परच निवडतात. रोज नेरुळ ते वांद्रे-कुर्ला संकुल ये-जा करणाऱ्या आणि दहा वर्षे वापरायच्या गाडीला तो हिशेब लागू होत नाही.

वाहनमालकांनी काय करावे?

क्रँक पुली बदलूच नये, असे नाही. जुन्या गाडीतील पुलीचे रबर उष्णतेने आणि तेलगळतीने खराब होते. रबराला भेगा, फिरताना डोलणारी पुली, बेल्टचा वारंवार किंचाळणारा आवाज ही त्याची लक्षणे आहेत. तेव्हा मूळ दर्जाची नवी डॅम्पर पुलीच बसवावी, बोल्टचा टॉर्क गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच पाहावा आणि साधने नसतील तर काम गॅरेजकडे सोपवावे. चपळपणाच हवा असेल, तर टायरमधील योग्य हवा, स्वच्छ एअर फिल्टर, वेळेवर बदललेले स्पार्क प्लग आणि डिकीतील अनावश्यक सामान कमी करणे हे स्वस्त आणि कायदेशीर उपाय आहेत. आठ किलोंच्या फायद्यासाठी अख्खे इंजिन पणाला लावायचे का, हा निर्णय शेवटी मालकाचाच. मात्र तो घेताना, ज्या जड चाकाला आपण ओझे समजतो, ते उत्पादकाने तिथे का बसवले आहे, हे आधी जाणून घ्यायला हवे.