धनुष्यबाणाचा निबंध तपासताना



‘धनुष्यबाण’ हा निबंध आपल्याकडे कसा लिहिला जातो ते तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या परिच्छेदात अर्जुन आणि पोपटाचा डोळा, दुसऱ्यात एकलव्याची गुरुदक्षिणा, मग प्रभू रामचंद्र, आणि शेवटी ऑलिंपिक. मीसुद्धा फळ्यावर मुद्दे असेच द्यायचे. डी.एड.ला पाठ घेताना दिलेले, तेच पुढे चालू राहिले. मुलं उतरवून घेतात, आपण तपासतो, विषय संपतो.

माझी शाळा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं भिल्ल समाजाची. दोन वर्षांपूर्वी चौथीतल्या एका मुलाने मुद्दे सोडून स्वतःचं लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: ‘आमच्या घरी तीरकामठा आहे, त्याची दोरी बांबूची असते.’ मी ‘बांबूची’वर लाल रेघ मारली आणि वर ‘सुताची’ असं लिहिलं. बांबूची कामठी मला माहीत होती, पण बांबूची दोरी कुठे असते का? अर्धा गुणही कापला.

पुढे गृहभेटीला गेले तेव्हा त्याच्या घरी भिंतीवर तो कामठा टांगलेला होता. आजोबांनी खाली काढून माझ्या हातात दिला. धनुष्य बांबूचं आणि दोरीच्या जागी बांबूचीच, वरच्या सालीची, तासून गुळगुळीत केलेली पट्टी. मी बोटाने ओढून बघितली, तर चांगलीच ताठ. मुलगा दारात उभा होता. बोलला काहीच नाही, नुसता माझ्याकडे बघत होता. मला काय वाटलं असेल ते तुम्ही शिक्षक असाल तर समजून घ्याल.

घरी आल्यावर मी शोधायला लागले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या प्रकरणात धनुष्यांची यादी आहे. ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं, असे चार प्रकार. त्यापुढे प्रत्यंचा कशाकशाची करतात तेही दिलंय: मूर्वा, रुई, ताग, प्राण्यांची तात आणि वेणू. वेणू म्हणजे बांबू! म्हणजे जी गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीच्या संस्कृत ग्रंथात लिहिलेली आहे आणि माझ्या विद्यार्थ्याच्या भिंतीवर टांगलेली आहे, ती मी चूक ठरवली होती.

म्हणून आज मला जे म्हणायचंय ते एवढंच. हा निबंध आपण पुराणात सुरू करून पदकांवर संपवतो आणि मधला सगळा माणूस गाळतो. ज्या माणसाने हातातल्या लाकडाचं, सालीचं, शिंगाचं डोकं चालवून धनुष्य केलं, तो आपल्या मुद्द्यांत कुठेच नसतो.

खरं तर विषय किती मोठा आहे बघा. दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुडू गुहेत साठ हजार वर्षांहून जुनी दगडी टोकं सापडली आहेत आणि ती बाणांची असावीत असं अभ्यासक मानतात. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत एल्मच्या लाकडाची सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची धनुष्यं मिळाली. दलदलीत हवा पोचत नाही, म्हणून लाकूड टिकलं. आपल्याकडे लाकूड आणि बांबू कुठे टिकणार? पाऊस आणि वाळवी दोन्ही आहेत. पण चित्रं टिकली. मध्य प्रदेशात भीमबेटकाच्या शैलाश्रयांत धनुष्यबाण घेतलेली माणसं रंगवलेली आहेत. १९५७ मध्ये ही जागा जगासमोर आणली ती विष्णू श्रीधर वाकणकर यांनी. ती चित्रं मोबाईलवर दाखवली तरी मुलं लगेच ‘कामठा!’ म्हणून ओरडतात. माझ्या वर्गात तरी ओरडली.

मुलांना सगळ्यात जास्त आवडते ती ओत्झीची गोष्ट. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात बर्फात एक माणूस सापडला, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्याजवळ यू नावाच्या झाडाचं, जवळपास सहा फुटी धनुष्य होतं, पण अर्धवट घडवलेलं. भात्यात १४ बाण, त्यातले पुरे झालेले दोनच. आणि दहा वर्षांनी तपासणीत दिसलं की त्याच्याच डाव्या खांद्यात बाणाचं टोक रुतलेलं आहे. ‘मॅडम, मग त्याला कोणी मारलं?’ या प्रश्नावर माझा अख्खा तास गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

आता प्रकारांबद्दल. धनुष्य वाकवलं की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली, म्हणजे आपल्याकडची बाजू दाबली जाते. हे एवढं फूटपट्टी वाकवून दाखवा, बाकी सगळं त्यातून निघतं. इंग्लंडमध्ये यूचं झाड होतं (पुढे पुढे तर ते लाकूड बाहेरून आणावं लागलं). त्याचं बाहेरचं लाकूड ताण सोसतं आणि आतलं दाब. त्यामुळे एकाच फळीतून त्यांचं ‘लाँगबो’ तयार व्हायचं. १३४६ च्या क्रेसीच्या आणि १४१५ च्या अझिनकोर्टच्या लढाईत त्यांनी फ्रेंचांना जेरीस आणलं ते याच धनुष्याने. १५४५ मध्ये बुडालेलं ‘मेरी रोज’ हे जहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्या जहाजावरची शंभराहून जास्त धनुष्यं मिळाली आहेत.

मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशात अशी लांब लाकडं कुठली? आणि घोड्यावर सहा फुटी धनुष्य वागवायचं तरी कसं? तिथल्या लोकांनी पातळ लाकडाला आतून शिंगाची पट्टी आणि बाहेरून जनावराच्या तातीचे धागे सरसाने चिकटवले. शिंग दाब सोसतं, तात ताण सोसते. आखूड, पण भारी जोराचं धनुष्य. मंगोल आणि तुर्क यांचं हेच. करायला कित्येक महिने लागायचे आणि दमट हवेत सरस सैल पडायचा. विष्णूच्या धनुष्याचं नाव ‘शार्ङ्ग’, म्हणजे शिंगाचं. नुसतं नाव पाठ करण्यापेक्षा हे सांगितलं तर मुलांच्या लक्षात राहतं. जपानी लोकांचं युमी आणखी वेगळं. ते दोन मीटरहून लांब असतं आणि मूठ मधोमध नाही, खालच्या बाजूला धरतात.

अंगठ्याची गोष्टही इथेच येते. आज ऑलिंपिकमधले तिरंदाज दोरी तीन बोटांनी ओढतात, अंगठा तिला लागत नाही. पण मंगोल, तुर्क आणि आपल्याकडचे मुघल दोरी अंगठ्याने ओढायचे आणि तो सोलू नये म्हणून त्यात खास अंगठी घालायचे. दोरी ओढण्याच्या अशा रीती मुलांना हाताने करून बघू द्या. मग एकलव्याने काय दिलं ते वेगळं समजवावं लागत नाही. मुलं गप्प होतात.

आधुनिक धनुष्यंही दोन. टोकं पुढे वळलेलं रिकर्व्ह, आणि टोकांना चाकं असलेलं कंपाउंड. कंपाउंडचं पेटंट अमेरिकेतल्या हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये मिळालं. दोरी पूर्ण ओढली की चाकांमुळे हातावरचा भार एकदम कमी होतो आणि नेम धरायला उसंत मिळते. ऑलिंपिकमध्ये आजवर रिकर्व्हच. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला एकाच दिवशी जगज्जेते झाले, ते कंपाउंडमध्ये. अदिती तेव्हा १७ वर्षांची होती आणि तिचे वडील शिक्षक आहेत, हे मी पालकसभेत मुद्दाम सांगते. राजस्थानातल्या आदिवासी गावातले लिंबा राम बांबूच्या धनुष्यावर वाढले आणि तीन ऑलिंपिक खेळले, हेसुद्धा सांगते.

यावर एका पालकाने मला सरळ ऐकवलं. म्हणाले, “मॅडम, तीर मारायचं आम्ही घरी शिकवू. तुम्ही त्याला इंग्रजी आणि गणित शिकवा.” ते स्वतः भिल्ल समाजाचे. मला उत्तर देता येईना, कारण त्यांचं बरोबर होतं. आदिवासी मूल म्हटलं की त्याच्या हातात धनुष्य देऊन गॅदरिंगला नाचवायचं, ही आपली सवय त्यांना चांगली माहीत आहे. मलाही ते नकोच आहे. दुसऱ्या एका शिक्षकांना शिकारीची काळजी वाटते. १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार बंद आहे, मग हे वर्गात कशाला? पण तो कायदाही याच पाठात सांगता येतो. उलट तो सांगायला याहून चांगली जागा कुठली?

प्रत्येक मुलाने धनुर्धर व्हावं असं मी म्हणत नाही. मुलाने घरी डोळ्यांनी बघितलेली खरी गोष्ट वहीत लिहिली, तर आपल्याला माहीत नाही एवढ्यावरून तिला लाल रेघ मारू नये, एवढंच म्हणते. शहरातल्या शाळेत कामठा नसेल, पण कुणाच्या घरी गवंड्याचा ओळंबा असेल, कुणाकडे सुताराचा रंधा. तिथेही हेच लागू आहे.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती. अर्धा गुण परत दिला. तो म्हणाला, “मॅडम, आजा म्हणत होता, तुम्हाला माहीत नसेल.”

यंदा फळ्यावर पहिला मुद्दा मी ‘तुमच्या घरी किंवा गावात’ एवढाच लिहिला, अर्जुन तिसऱ्या क्रमांकावर गेला. एका मुलीने लिहिलंय: ‘तीर न लावता रिकामा कामठा ओढून सोडला तर आजा रागावतो, तो मोडतो.’ तिरंदाजीच्या प्रशिक्षकांचा पहिल्या दिवशीचा नियमही हाच असतो. वाक्य तसंच ठेवलंय. ‘आजा’चं ‘आजोबा’ही केलेलं नाही.