कोयनेच्या विजेत त्यांचा वाटा किती?

संध्याकाळी सात वाजता घराघरांत दिवे लागतात, टीव्ही सुरू होतो, मिक्सर फिरू लागतो. राज्यभर एकाच वेळी विजेची मागणी वाढते. कोळशावरचं केंद्र असं पटकन कमी-जास्त करता येत नाही. जलविद्युत केंद्राचं तसं नाही. पाणी सोडलं की काही मिनिटांत जनित्र फिरू लागतं. आपला संध्याकाळचा स्वयंपाक उजेडात होतो, त्यात कोयनेचा वाटा मोठा आहे. चारही टप्पे आणि पायथ्याचं वीजगृह धरून कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. ना धूर, ना राख. उगाच नाही तिला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणत.

पण भाग्यरेषा कुणाच्या हातावर उमटली, हेही बघायला हवं ना?

धरण बांधलं गेलं तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्रात तो पहिल्यांदा आला १९७६ साली. तोवर शिवसागर जलाशय भरून कितीतरी वर्षं झाली होती. खोऱ्यातली माणसं सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी पांगली. पाचेक हजार मिलिमीटर पावसात भात-नाचणी लावणाऱ्या बाईला सोलापूरकडचं कोरडं रान मिळालं, तर तिनं तिथं काय पेरायचं? तिला बियाणं ठाऊक नाही, माती ठाऊक नाही, शेजारीण ओळखीची नाही. पाणी कुठून आणायचं, सरपण कुठं मिळेल, लेकीचं बाळंतपण कुणाच्या भरवशावर करायचं, हे प्रश्न जमिनीच्या कागदावर कुठं लिहिलेले असतात? पुरुष निदान कचेरीत जाऊन भांडले. बाईनं नवं घर उभं केलं, त्याची नोंद कुणी ठेवली नाही. आणि जमिनीचे प्रश्न अजूनही पुरते सुटलेले नाहीत. २०१८ साली धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते, म्हणजे धरणानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी. त्यांत बायाही होत्या.

जे मागं राहिले त्यांची कथा वेगळी. जलाशयाच्या पलीकडची गावं लाँचवर अवलंबून. त्यात १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. रस्ता करायचा तर परवानगी, लाकूड आणायचं तर बंदी. जंगल राखायला माझा विरोध नाही. उलट, जंगल आहे म्हणून डोंगराची माती धरून राहते, गाळ कमी येतो आणि धरण पुढच्या पिढ्यांना वीज देत राहतं. धरणाचं आयुष्य वरच्या डोंगरावर ठरतं. मग त्या डोंगरात राहणाऱ्या बाईला त्या राखणीची मजुरी नको का? तिला नुसती बंदी कशी पुरेल?

मोठ्या प्रकल्पांच्या अहवालांत हल्ली 'शाश्वत विकास' आणि 'लोकसहभाग' हे शब्द हमखास असतात. सहभाग म्हणजे बहुतेकदा शिलाई मशीनचं वाटप, शाळेला दप्तरं, पावसाळ्यात वृक्षारोपण आणि पाहुण्यांसोबत फोटो. शिलाई मशीनला मी नावं ठेवणार नाही, त्यावर घर चालवणाऱ्या कितीतरी बाया मी पाहिल्यात. पण दान आणि वाटा यांत फरक आहे. दान देणाऱ्याच्या मर्जीवर मिळतं. वाटा कागदावर लिहिलेला असतो, तो मागता येतो.

आणि असा वाटा लिहिता येतो बरं का. केंद्र सरकारच्या २००८ च्या जलविद्युत धोरणात तो लिहिलेला आहे. प्रकल्पाच्या विजेतला एक टक्का स्थानिक विकास निधीसाठी आणि प्रत्येक बाधित कुटुंबाला दहा वर्षं महिन्याला १०० युनिट वीज. कोयना तर त्याच्या कितीतरी आधीची. तिच्या लोकांच्या वाट्याला हे येणार कसं? तसंच २०१३ च्या भूसंपादन कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता बाईला वेगळं कुटुंब मानलं आहे. कोयनेच्या वेळी ही सोय असती, तर कितीतरी जणींना दीर-भाच्यांच्या तोंडाकडे बघत बसावं लागलं नसतं.

सहभागात धोक्याची माहितीही आली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली. वीज तयार करून झाल्यावर कोयनेचं पाणी वाशिष्ठीत उतरतं, खाली चिपळूण आहे. जुलै २०२१ च्या महापुरात या पाण्याचा हात किती, यावर वाद झाले. वाद तज्ज्ञांनी घालावा. बाईला कळायला हवं ते एवढंच, की आज पाणी किती वाजता आणि किती सुटणार, म्हणजे धान्याची कोठी वर ठेवता येईल आणि सासूबाईंना वेळेत हलवता येईल. हा निरोप तिच्या फोनवर, तिला समजेल अशा मराठीत आला पाहिजे. 'क्यूसेक'चा आकडा वाचून कुणाला कळतं, आपल्या उंबऱ्यापर्यंत पाणी येणार की नाही?

हे सगळं आत्ता सांगण्याचं कारण आहे. राज्य सरकारनं २०२३ साली उदंचन जलविद्युत प्रकल्पांचं धोरण आणलं आणि सह्याद्रीत असे बरेच प्रकल्प प्रस्तावित आहेत. खालच्या तलावातलं पाणी स्वस्त वीज वापरून वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. सूर्य आणि वाऱ्याच्या विजेला जोड म्हणून ते लागतीलही. पण तलाव म्हटला की जमीन आली, आणि जमीन म्हटली की कुणाचं तरी घर आलं.

आपल्याकडे ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घेण्याची तरतूद आहे. बऱ्याच ठिकाणी ती हजेरीवहीवरच्या सह्यांपुरती होते, हे आपल्याला ठाऊक आहे. तुमच्या भागात असा प्रकल्प येणार असेल, तर त्या सभेत जा. विजेतला वाटा किती आणि किती वर्षं, नव्या घराच्या कागदावर बाईचं नाव लागणार का, पाण्याची सूचना कोण देणार, हे विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. सह्या त्यानंतर करा.