शिवेवरची आई आणि गावकुसाबाहेरचा भक्त

आषाढ म्हटला की पांढरपेशा मराठी मनाला पंढरीची वारी आठवते. तेच स्वाभाविक आहे. परंतु याच महिन्यात, आखाडातल्या मंगळवारी वा शुक्रवारी, गावोगावच्या शिवेवर आणखी एक उपासना चाललेली असते. दहीभाताचा नैवेद्य, कडुलिंबाचा डहाळा, हिरवी चोळी, लिंबू आणि नारळ घेऊन बायाबापड्या मरीआईच्या ठाण्याकडे निघतात. काही गावांत अजूनही तिचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत नेला जातो. या उपासनेला ना आमंत्रणपत्रिका असते, ना वृत्तपत्रांत छायाचित्र.

मरीआईला बहुधा घडवलेली मूर्ती नसते. शेंदूर माखलेला तांदळा, वर जमले तर छप्पर, नाहीतर लिंबाची सावली. महामारीची, विशेषतः पटकीची ही देवता. रोगाला देवतारूप देणे ही लोकमानसाची अजब रीत मराठी भाषेतच गोठून राहिली आहे. ज्या रोगाने शेकडो वर्षे घरे ओस पाडली, त्याला मराठी माणसाने ‘देवी’ असेच म्हटले आणि लस टोचण्यालाही ‘देवी काढणे’ हाच शब्दप्रयोग रूढ झाला. हीच आई उत्तरेत शीतला म्हणून पुजली जाते, तर तामिळ मुलखात मारियम्मन म्हणून. सागरापार गेलेल्या तामिळ श्रमिकांनी तिला सोबत नेले. सिंगापूरचे तिचे देऊळ १८२७ सालचे आहे. कोणत्याही धर्मपीठाची आज्ञा नसताना, कोणत्याही ग्रंथाचा आधार न घेता, सामान्य माणसाने ही एकात्मता जपली, हे विसरून चालणार नाही.

या उपासनेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी बराच काळ प्रचलित आहेत. एक दृष्टी तिला निव्वळ अंधश्रद्धा ठरवून मोकळी होते. दुसरी, हा हिंदू धर्माहून निराळा, आदिम असा काही प्रकार आहे, असे मानते. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी दक्षिणेतील ग्रामदेवतांवर १९१६ साली ग्रंथ लिहिला. माहितीच्या दृष्टीने तो मोलाचा, परंतु त्याची दृष्टी धर्मप्रसारकाची. त्याच लोकदेवतांकडे डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’सारख्या ग्रंथांतून पाहिले, तेव्हा लोकधर्म आणि अभिजन परंपरा यांच्यातील शतकांची देवाणघेवाण उलगडत गेली. ग्रामीण भाविकाला हे ग्रंथ वाचण्याची गरज पडली नाही. तुळजापूरची भवानी आणि शिवेवरची मरीआई या त्याच्या लेखी एकाच मायेच्या लेकी.

मात्र परक्यांच्या दृष्टीला दोष देऊन भागत नाही. तिसरी एक दृष्टी घरातलीच आहे आणि ती अधिक बोचरी आहे. वैष्णोदेवीच्या यात्रेचे आरक्षण चार महिने आधी करणारे कुटुंब आपल्याच गावच्या मरीआईला ‘त्यांची देवी’ म्हणते. ‘त्यांची’ म्हणजे कोणाची, हे सांगावे लागत नाही. अनेक गावांत मरीआईचे ठाणे महारवाड्याजवळ असे आणि पूजेचा मान तिथल्याच घराण्याकडे. साथ आली की साऱ्या गावाने त्या पुजाऱ्यापुढे हात जोडायचे आणि साथ ओसरली की त्याला पुन्हा पाणवठ्यापासून दूर ठेवायचे, अशी ही रीत होती. १९५६च्या धर्मांतरानंतर यांतील असंख्य घराण्यांनी ती सेवा सोडली. त्यात देवीचा अवमान शोधण्याऐवजी, ज्या गावाने देवीचा मान दिला त्याने माणसाचा मान का नाकारला, हा प्रश्न गावाने स्वतःला विचारायला हवा होता.

पोतराजाची कथाही तीच. कमरेला खणांच्या चिंध्यांचा घोळ, कपाळी मळवट, मोकळे केस, पायांत घुंगरू आणि हातात आसूड. स्वतःच्या उघड्या अंगावर तो कोरडे ओढतो. सोबत डोईवर देवीचा देव्हारा घेतलेली त्याची कारभारीण. हा बहुतांशी मातंग समाजातला. तेलंगणातल्या बोनालू उत्सवात पोतराजू हा देवीचा भाऊ म्हणून मिरवणुकीच्या अग्रभागी नाचतो. २०१४ साली त्या उत्सवाला राज्य-उत्सवाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात मात्र देवीचा हा भक्त दारोदार सुपातल्या मूठभर धान्यासाठी उभा राहिला. गावावरचे अरिष्ट टळावे म्हणून वळ एकाच्या पाठीवर उमटावेत आणि पुण्य सर्वांनी वाटून घ्यावे, हा न्याय कोणत्या धर्मात बसतो?

रोगांचे म्हणाल, तर त्यांचा पराभव लसीने आणि शुद्ध पाण्याने केला, हे निःसंकोच मान्य करावे. १९७७ साली भारत देवीमुक्त घोषित झाला, १९८० साली सारे जग. तरीही शीतला आणि मरीआई यांची ठाणी ओस पडली नाहीत. २०२१ साली महामारीच्या लाटेत कोईमतूरला ‘कोरोना देवी’ची स्थापना झाली. औषध रोग बरा करते. संकटात एकवटण्यासाठी मात्र समाजाला एक ठाणे लागते. श्रद्धेने दवाखान्याची जागा घेऊ नये, एवढे पथ्य पाळले की या दोहोंत भांडण उरत नाही. गाड्याची प्रथाही नव्या अर्थाने पाहायला हवी. पूर्वी अरिष्ट शिवेपलीकडे, म्हणजे शेजारच्या गावात लोटले जाई. आज साथीला शीव ठाऊक नाही. तेव्हा गावांनी पीडा लोटण्याऐवजी ती मिळून निवारावी.

परंपरा वाहती असते म्हणूनच टिकते. कित्येक ठिकाणी बळीच्या जागी कोहळा आणि नारळ आला, देवी कोपली नाही. पोतराजाच्या मुलाच्या हाती आसुडाऐवजी पाटी-पुस्तक आले, तरीही ती कोपणार नाही. आज गावोगावी लोकवर्गणीतून मरीआईची देवळे बांधली जात आहेत, फरशी बसते आहे, कळस चढतो आहे. आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या देवळाच्या विश्वस्तांत, पंगतीत आणि पहिल्या आरतीत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या देव्हारा डोईवर वाहिला त्यांना स्थान आहे काय? समरसता सभागृहातल्या ठरावांनी येत नाही. ती शिवेवरच्या त्या ठाण्यापाशी, एका पंगतीत बसून दहीभात खाल्ल्याने येते. आई साऱ्या गावाची आहे, हे म्हणणे सोपे. तिची सारी लेकरे गावाची आहेत, हे आचरणात आणणे हीच तिची खरी पूजा.